ताप उतरवलास, गाय घालवलीस

बस खाली. मोबाईल खिशात घाल. कुणाचा फोन आला तर वाजू दे. तू जाऊन काय करणार ते मला आता कळलंय.

कवठे येमाईच्या त्या मळ्यातली जर्शी गाय गेली. तिसऱ्या वेताची, ताजी व्यालेली. मालकानं गोठ्याच्या कोनाड्यातल्या रिकाम्या बाटल्या माझ्यापुढे मांडल्या. डिमिनाझिन, ऑक्सिटेट्रासायक्लिन, मेलोक्सिकॅम, वर बी-कॉम्प्लेक्स. किराणा भरल्यासारखं भरलंस की रे तिच्यात! कशासाठी म्हणून विचारलं तर उत्तर काय? 'सर, गोचीड ताप होता.' कुठला? गोचीड चावून बबेसिया होतो, थायलेरिया होतो, ॲनाप्लाझ्मा होतो. डिमिनाझिन बबेसियावर चालतं. थायलेरियाला बुपारव्हॅकोन लागतं. ॲनाप्लाझ्मा या दोघांच्या जातीचाच नाही, तो जिवाणू, तिथे ऑक्सिटेट्रासायक्लिन. हे मी तुम्हाला फळ्यावर रकाने पाडून शिकवलं होतं. तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास बहुतेक.

मी पोचलो तेव्हा ती अजून बसून होती. पुढच्या खांद्यासमोरची गाठ हाताला लिंबाएवढी लागत होती. पापणी उलटली तर आत पांढरंफटक. लघवी तांबडी नव्हती. म्हणजे बबेसिया नव्हे, थायलेरिया. तू तीनदा गेलास त्या गोठ्यात. एकदा तरी खांद्यावर हात ठेवलास? मालक म्हणाला, 'डॉक्टर गाडीवरून उतरले की सुईच भरायचे.'

आणि म्हणतोस, 'पहिल्या दिवशी ताप उतरला होता, म्हणजे औषध लागू पडलं.' अरे शहाण्या, ती बाटली एकदा नीट वाच. डिमिनाझिनच्या शेजारी फिनाझोन छापलंय. ते डिमिनाझिन टिकावं म्हणून घालतात, पण ते तापही उतरवतं. वर तू मेलोक्सिकॅम दिलंस. थर्मामीटरचा पारा खाली आणलास, मालक खूश, पैसे घेऊन तू पुढच्या वस्तीवर. आत थायलेरिया आपलं काम करत राहिला आणि बुपारव्हॅकोन द्यायचे मोलाचे दिवस हातचे गेले. उशिरा दिलेल्या बुपारव्हॅकोनचा भरवसा नसतो, हेही फळ्यावर होतं.

बरं, बबेसियाच होता असं घटकाभर धरू. मग मात्रा तरी पुरी दिलीस? किलोला साडेतीन मिलिग्रॅम. गाय चारशे किलोची, औषध मिलीला सत्तर मिलिग्रॅमचं. कर हिशेब. वीस मिली! तू पहिल्या दिवशी दहा टोचलंस आणि तिसऱ्या दिवशी दहा. का, तर बाटली दोन गाईंना पुरवायची होती. असल्या अर्धवट मात्रांनीच जंतू औषधाला सरावतात. पुढे खरोखर लघवी तांबडी झालेली गाय समोर आली की कपाळाला हात लावून बसशील.

'सर, मायक्रोस्कोप कुठून आणू?' तुला मायक्रोस्कोप कुणी मागितला? काच मागतोय मी. कानाच्या टोकाची शीर टोचायची, एक थेंब, दुसऱ्या काचेनं पातळ ओढायचा, वाळवायचा, मिथेनॉलमध्ये बुडवायचा. हे सगळं सुई देण्याआधी, नंतर नाही. ती काच शिरूरच्या दवाखान्यात दाखव, नाहीतर औंधच्या रोग अन्वेषण विभागात पाठव. काही जमत नसेल तर जनावरांच्या मदतीचा १९६२ नंबर लाव आणि बाजूला हो. पशुवैद्यकांचा १९८४ चा कायदा तुला किती मोकळीक देतो आणि कुठे थांबवतो, हेही तुझ्या वहीत असायला हवं.

१८८० साली ग्रिफिथ इव्हान्सनं डेरा इस्माइल खानला घोड्या-उंटांच्या रक्तात सर्रा रोगाचा जंतू पाहिला, तेव्हा वरिष्ठ मानायला तयार नव्हते. तरी त्यानं काच सोडली नाही. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात एका शेतकऱ्याचा ताप हटेना, तेव्हा त्याच्या रक्तात तोच जनावरांचा जंतू सापडला. २००५ साली ती नोंद छापून आली आणि जगभरच्या डॉक्टरांनी वाचली. का सापडला? कुणीतरी रक्त काचेवर घेऊन बघितलं म्हणून. तुझ्यासारखा कुणी असता तर तापाची सुई देऊन मोकळा झाला असता.

आणि त्या गोठ्याच्या भिंती बघितल्यास? दगडांच्या फटीत गोचीड दडून बसलेत. थायलेरिया पसरवणारा गोचीड असल्याच सांदीकपारीत राहतो. गाईला फवारा मारून काय होणार? फटी जाळून बुजवायला, चुना मारायला कोण सांगणार, मी?

त्या दावणीला अजून दोन कालवडी आहेत. एकीच्या खांद्यासमोर गाठ लागायला लागलीय. उद्या सकाळी दूध काढून व्हायच्या आत तिथे पोचायचं. दोघींचा ताप घे, छातीचा घेर मोजून वजन काढ, रक्ताच्या दोन-दोन काचा घे आणि काचेच्या कडेला पेन्सिलीनं कालवडीचा बिल्ला नंबर लिही. पेन नको, मिथेनॉलमध्ये पुसून जातं. बॅगेतली सुई मी सांगेपर्यंत बाहेर काढायची नाही. आणि मालकाकडून त्या गाईचे घेतलेले पैसे जाताना परत दे.