थट्टेची उधारी

माणसाला मित्र नसले तरी एकवेळ चालतं, पण एक चांगला, खात्रीचा, रोज भेटणारा शत्रू मात्र लागतो. मित्र काय, उसने पैसे मागतो. शत्रू बिचारा काही मागत नाही. उलट आपला पराभव झाला की दुसऱ्या दिवशी अंगात ताप असला तरी रजा न टाकता वेळेवर कामावर हजर होतो.

आमच्या शाखेत असे दोन शत्रू आहेत. एक कॅशमध्ये बसतो, दुसरा कर्जविभागात. कॅशवाला लिव्हरपूलचा आणि कर्जवाला मँचेस्टर युनायटेडचा. म्हणजे एकाचा जन्म तासगावचा आणि दुसऱ्याचा गडहिंग्लजचा, पण ते महत्त्वाचं नाही. इंग्लंड दोघांनीही टीव्हीवरच पाहिलंय. दोघांच्या संघांचे सदरे तांबडेच असल्यामुळे आमच्या शिपाईमामांचा बरेच दिवस समज होता, की ही पोरं एकाच पक्षाची आहेत आणि उगीच भांडतात. त्यांचा समज अगदीच चुकीचा होता असं मला अजूनही वाटत नाही.

आता मी फुटबॉलमधला अगदीच औरंगजेब नाही. कोल्हापूरच्या माणसाला तशी सोयच नसते. बाकीच्या महाराष्ट्रात तालमीत कुस्ती शिकतात, आमच्याकडे तालमीचे फुटबॉलचे संघ असतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले, की एकाच गल्लीतल्या दोन घरांत तांबडा रस्सा त्या दिवशी दोन वेगवेगळ्या कारणांनी तिखट होतो. तेव्हा हरलेल्याला चिडवणं हा खेळाचाच भाग आहे, किंबहुना पुष्कळदा तोच खेळ असतो, हे मला कुणी शिकवायला नको.

त्यामुळे सोमवार सकाळचं आमच्या शाखेतलं दळण मला आवडायचं. युनायटेड हरलं, की कॅशवाला कर्जवाल्याच्या टेबलावर पासबुक ठेवून विचारी, "काय रे, ह्या खात्यात तीन महिन्यांत एकही जमा दिसत नाही. डॉर्मंट करायचं का?" लिव्हरपूल हरलं की कर्जवाला ऐटीत सांगे, "तारण पुरेसं नाही, अर्ज नामंजूर." रांगेतली गिऱ्हाइकंसुद्धा हसत. बँकेत गिऱ्हाईक हसलं ही गोष्ट वार्षिक अहवालात नोंदवण्यासारखी आहे.

मी कॉमर्सचा पदवीधर. मला जगातली कुठलीही गोष्ट जमा-खर्चाच्या दोन रकान्यांत घातल्याशिवाय कळत नाही, आणि थट्टेचं तर खातं अगदी सरळ आहे. थट्टा ही उधारी असते. आज मी तुझी उडवली, याचा अर्थ पुढच्या मोसमात तू माझी उडवायची. ज्याची उडवली तो परतफेड करू शकतो, या भरवशावर सगळा व्यवहार चालतो. कलकत्त्यात ईस्ट बंगाल जिंकलं की हिलसा आणि मोहन बागान जिंकलं की कोळंबी. हरलेल्याच्या नाकासमोर तो वास जाईल अशी व्यवस्था करायची. पण बाजारात हिलसाही संपत नाही आणि कोळंबीही. १९७५ साली ईस्ट बंगालनं शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानचा ५-० असा फडशा पाडला. त्या पाच गोलांवर पन्नास वर्षं चिडवलं तरी कुणाचं बिघडत नाही. त्या पराभवानंतर मोहन बागानच्या एका तरुण चाहत्यानं जीव दिला, तो मात्र या खात्यात धरता येत नाही. पाच गोलांची परतफेड होऊ शकते. त्या पोराची कोण आणि कशी करणार?

हे सगळं मला सुचायचं कारण एक साधी गोष्ट. एका सोमवारी कॅशवाला दोन्ही हात विमानासारखे पसरून कर्जविभागापर्यंत डुलत डुलत गेला आणि धाडकन टेबलावर पडला. मला वाटलं, पोराला फिट आली. कर्जवाल्याचा चेहरा मात्र काळाठिक्कर पडला. त्यानं शांतपणे पेन घेतलं, कागदावर '९७' एवढाच आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे सरकवला. मग कॅशवाल्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. मी म्हटलं, "हा काय प्रकार?" तर म्हणाले, "काही नाही सर, गंमत." मी घरी जाऊन त्या गमतीचा अर्थ शोधला आणि त्या रात्री जेवलो नाही. म्हणजे भात घेतला नाही, एवढंच; पण माझ्या बाबतीत ते उपोषणच.

विमान म्हणजे म्युनिक. ६ फेब्रुवारी १९५८. युनायटेडची पोरं, पोरंच ती, बेलग्रेडहून सामना खेळून परत निघाली होती. विमान तेल भरायला म्युनिकला उतरलं. धावपट्टीवर बर्फाचा चिखल. दोनदा उडायचा प्रयत्न फसला, तिसऱ्यांदा विमान कुंपण तोडून घरावर गेलं. २३ माणसं गेली, त्यांत ८ खेळाडू आणि ८ पत्रकार. डंकन एडवर्ड्स पंधरा दिवस इस्पितळात झुंजला आणि गेला, वय २१. आमच्याकडे २१व्या वर्षी मुलगा बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरतो. आमच्या कॅशवाल्याचे वडीलही १९५८ साली जन्मले नव्हते.

आणि ९७ म्हणजे हिल्सबरो. १५ एप्रिल १९८९, शेफील्ड गाव, एफ. ए. कपचा उपांत्य सामना, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. बाहेर चाहत्यांची गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी बाहेर जायचं एक फाटक आत यायला उघडून दिलं. लोक बोगद्यातून थेट मधल्या, आधीच खच्चून भरलेल्या कोंडवाड्यात शिरले. पुढे लोखंडी जाळी. मॅच सहा मिनिटं चालली. सगळ्यांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता, सगळ्यांत वडील माणूस ६७ वर्षांचा. बहुतेक त्याच दिवशी गेले, एक चार वर्षांनी गेला, आणि सत्त्याण्णवावा त्या दिवसाच्या दुखण्यानं २०२१ साली.

पण मला भात गिळवेना तो यापुढच्या भागामुळे. चार दिवसांनी 'द सन' या वर्तमानपत्रानं पहिल्या पानावर छापलं, की दारू प्यालेल्या चाहत्यांनीच मेलेल्यांचे खिसे कापले. हे खोटं होतं. पोलिसांच्या निवेदनांपैकी १६४ निवेदनांत मागाहून खाडाखोड झाली होती, आणि त्यांतल्या ११६ मधून पोलिसांच्या विरुद्ध जाणारा मजकूर गाळला होता, हे बाहेर यायला २०१२ साल उजाडलं. चेकवर एक खाडाखोड दिसली तर आम्ही तो परत करतो, मग समोर खातेदार रडू दे. इथे १६४! चाहत्यांचा दोष नव्हता, ही माणसं बेकायदेशीरपणे मारली गेली, असं ज्यूरीनं सांगितलं २०१६ साली. म्हणजे २७ वर्षं त्या आया कोर्टाच्या पायऱ्या चढत होत्या आणि त्या २७ वर्षांत दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या स्टँडमधून हजारभर माणसं तेच खोटं चालीवर गात होती. मर्सीसाइडमध्ये ते वर्तमानपत्र पुष्कळ दुकानदार आजही विकायला ठेवत नाहीत. आपल्याकडे असा राग धरायचा म्हटलं तर रद्दीवाला उपाशी मरेल.

बरं, गाणाऱ्याला विचारा, तर तो म्हणतो माझा तसा अर्थच नव्हता. २०२३च्या जून महिन्यात वेम्बलीला कपचा अंतिम सामना होता, त्यात एक गृहस्थ युनायटेडचा सदरा घालून आला. पाठीवर आकडा ९७ आणि वर, जिथे खेळाडूचं नाव असतं तिथे, 'पुरेसे नाहीत' या अर्थाचे शब्द. पोलिसांनी धरल्यावर म्हणाला, माझे आजोबा ९७व्या वर्षी वारले आणि त्यांना पुरेशी मुलं नव्हती! मी इतकी वर्षं कर्जदारांच्या सबबी ऐकतोय. म्हैस आटली, मेहुण्यानं फसवलं, सही माझी पण हात माझा नव्हे. पण या गृहस्थापुढे आमचे सगळे थकबाकीदार पाणी भरतील. कोर्टानं त्याला हजार पौंड दंड केला आणि चार वर्षं मैदानबंदी. आजोबांचं काय झालं कळलं नाही.

आमच्या दोघांची सबब याहून सभ्य होती. "सर, सुरुवात त्यांनी केली." दोघंही तेच म्हणाले. म्हणजे ते आमचे २३ गातात म्हणून आम्ही त्यांचे ९७ गातो. याला बँकेत सेट-ऑफ म्हणतात. गिऱ्हाइकाचं कर्ज थकलं, तर त्याची ठेव त्या कर्जात वळती करायची. पण याला एक अट असते आणि आमच्या धंद्यात ती पहिल्या वर्षी शिकवतात: दोन्ही खाती एकाच माणसाच्या नावावर, एकाच हक्कानं असली पाहिजेत. नवऱ्याच्या थकबाकीपोटी बायकोचं बचत खातं वळतं करता येत नाही. तसं केलं तर मॅनेजरची वेतनवाढ वळती होते. म्युनिकच्या एका आईचं दुःख शेफील्डच्या आईच्या दुःखात वळतं करणारे हे कोण? ती खाती त्यांच्या नावावर आहेत का? साधं नॉमिनेशनही नाही.

इटलीत याच हिशेबाचं पुढचं पान सापडतं. २९ मे १९८५ला ब्रुसेल्सच्या हेसेल मैदानावर लिव्हरपूलचे चाहते युव्हेंटसच्या बाजूला धावून गेले, भिंत कोसळली, ३९ माणसं मेली, बहुतेक इटालियन. (हे पान लिव्हरपूलवाले फार चटकन उलटतात, हेही नमूद करतो, नाहीतर कर्जवाला म्हणेल सर कॅशच्या बाजूचे.) युव्हेंटसला त्या ३९ वरून प्रतिस्पर्धी डिवचतात. आणि त्याच युव्हेंटसच्या काही चाहत्यांनी शेजारच्या तोरिनो संघाला डिवचलं, ते सुपेर्गावरून, १९४९ साली टेकडीवर विमान आपटून त्यांचा अख्खा संघ गेला त्यावरून. दुःख भोगलेला माणूस शहाणा होतो असं आपण म्हणतो. खतावणी पाहिली तर तसं दिसत नाही.

काही शहाणे म्हणतात, मैदान म्हणजे शिमगा आहे, वर्षाची वाफ जाऊ द्या. मला हे मान्य आहे. लहानपणी मीही होळीपुढे घसा फुटेस्तोवर बोंबललोय, आणि ज्यांच्या नावानं बोंबललो त्यातल्या एकानं पुढे मला नोकरीच्या अर्जासाठी चांगल्या वर्तणुकीचा दाखला दिला. पण ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल, त्या दारापुढून जाताना आमच्या गल्लीतली टग्यातली टगी पोरंही गप्प व्हायची. कुणी नियम छापून लावला नव्हता. आणि खरं सांगायचं तर गाणाऱ्याच्या डोक्यात मेलेला माणूस नसतोच. त्याला समोरच्या स्टँडमधल्या जिवंत माणसाला फेकून मारायला काहीतरी हवं असतं. हाताशी आलेलं मढं त्यानं दगड म्हणून वापरलं. त्याच स्टँडमध्ये कुठेतरी, भावाचं तिकीट अजून पाकिटात जपून ठेवलेला एखादा माणूस बसलेला असतो, हे त्याच्या गावीही नसतं.

शब्द बंद करून हे थांबेल असंही नाही. विमानात शब्द कुठे होता? नुसते हात होते. सप्टेंबर २०१२ मध्ये सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसननं लिव्हरपूलला जाणाऱ्या आपल्या चाहत्यांच्या हाती पत्र देऊन बजावलं होतं. तरी मॅच संपल्यावर दोन्हीकडच्या थोड्यांनी आपलं घाणेरडं काम उरकून घेतलंच. २०२३च्या मार्चमध्ये क्लॉप आणि टेन हाग या दोन्ही प्रशिक्षकांना एकत्र आवाहन करावं लागलं. मग त्याच वर्षी प्रीमियर लीगनं मैदानबंदी आणि खटल्याची तंबी दिली. तंबीनं आवाज कमी होतो, एवढं मी शाखेतल्या 'शांतता राखा' या पाटीच्या अनुभवावरून सांगू शकतो. फार नाही होत. गंमत अशी, की म्युनिकमधून ज्यांना दोनदा शेवटचा धर्मविधी देऊनही जे वाचले आणि ज्यांनी दहा वर्षांनी युनायटेडला युरोपियन कप मिळवून दिला, ते मॅट बझबी तरुणपणी लिव्हरपूलचे खेळाडू होते. हे मी दोघांनाही सांगितलं. कॅशवाला म्हणाला, "म्हणूनच वाचले." मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पण कर्जवाला हसला, आणि ज्याचं दुःख तो हसला, तेव्हा मी काही बोललो नाही. कलकत्त्यात १९८०च्या १६ ऑगस्टला ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगालच्या सामन्यात १६ माणसं चेंगरून मेली. त्या दिवशी तिथे आता रक्तदान करतात. हिलसा, कोळंबी आपल्या जागी आहेतच.

पण मला सगळ्यांत आवडली ती लिव्हरपूल गावातलीच गोष्ट. एव्हर्टन हा तिथला दुसरा संघ, निळ्या सदऱ्याचा. एकाच घरात एक भाऊ तांबडा आणि एक निळा, असा तिथला शेजारधर्म. दोन मैदानांच्या मधे स्टॅनली पार्क नावाची बाग. हिल्सबरोनंतर एका आठवड्यानं लोकांनी एव्हर्टनच्या तेव्हाच्या मैदानापासून लिव्हरपूलच्या मैदानापर्यंत मफलरला मफलर बांधत नेले, निळे आणि तांबडे, सुमारे मैलभर. लिव्हरपूल पुन्हा स्पर्धेचा सामना खेळायला उतरलं ते ३ मे रोजी एव्हर्टनच्याच मैदानावर. सामना ०-० असा सुटला. मग २० मे १९८९ला कपच्या अंतिम सामन्यात नेमके हेच दोन संघ समोरासमोर आले. जादा वेळेत लिव्हरपूल ३-२ नं जिंकलं. शनिवार होता. सोमवारी सकाळी तिथल्या एखाद्या बँकेत निळ्या कारकुनाचं पासबुक तपासायला तांबडा कारकून वेळेआधी पाच मिनिटं हजर झाला असणार.