भिडेचा अभ्यास

'भीड भिकेची बहीण' असे आपल्याकडे म्हणतात. भिडेपोटी जामीन राहून घर घालवलेला एखादा काका बहुतेक प्रत्येक कुटुंबात निघतो, तेव्हा या म्हणीशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण भिडेपोटी केलेला अभ्यास? त्याला काय म्हणावे?

आमच्या प्रतापनगरातल्या एका वाचनालयात चारपाच मंडळी दर रविवारी एका टेबलाभोवती बसून 'स्वयम्'वरचा संख्याशास्त्राचा पाठ ऐकतात. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या या व्यवस्थेत शिकणे फुकट. प्रमाणपत्र हवे तरच परीक्षेची फी. एक निवृत्त कारकून, बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी दोन मुले, सकाळचा स्वयंपाक उरकून येणाऱ्या एक बाई. नाव 'स्वयम्' आणि शिकायला ही पंगत! मला हसू आले. तेव्हा बाई म्हणाल्या, "घरी असती तर कधीच सोडून दिलं असतं, भाऊ. इथं काकाजी वाट पाहून राह्यले असतात, मग यावंच लागते."

कुणी म्हणेल, विद्या ओढीने घ्यावी. लोकलाजेस्तव घेतलेली विद्या उसनी. वाक्य मोठे भारदस्त आहे. पण हार्वर्ड आणि एम.आय.टी.च्या अशाच ऑनलाइन पाठ्यक्रमांची आकडेवारी २०१९ साली प्रसिद्ध झाली, तीत २०१७-१८ मध्ये नाव घालणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तिघे शेवटास गेलेले दिसतात. उरलेल्यांतले काही नुसते डोकावायला आले असतील. पण सगळ्यांनाच ओढ नव्हती असे कसे म्हणावे? नाव घालण्याची सक्ती तर कुणीच केली नव्हती. आमच्या वेळी फी भरलेली असे, आणि ती फी म्हणजे वडिलांच्या घामाची भीडच होती. शिक्षण फुकट झाले तशी ती भीड गेली. पडद्यावरच्या गुरुजींना तुम्ही उठून गेलात हे कळतही नाही; शेजारच्या काकाजींना कळते. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयात २०१५ पासून अशी अभ्यासमंडळे भरली, तीही मला वाटते याच गरजेतून.

तथापि म्हण अगदीच खोटी नाही. त्या दोन मुलांपैकी एक चांगला हुशार आहे. परीक्षा तोंडावर आली आहे, आणि बाईंसाठी पाठ थांबवावा लागतो तेव्हा तो घड्याळ पाहतो. त्याचा वेळ भिडेने खर्च करण्याचा हक्क कुणाला? माझ्या मते कुणालाच नाही. जायचे तर त्याने सरळ सांगून जावे, आणि काकाजींनी रुसू नये.

गेल्या रविवारी सरासरी चालली होती. बाईंनी विचारले, "चार जणींना दहा-दहा हजार आणि मालकिणीला एक लाख, तर सरासरी अठ्ठावीस हजार निघते. पण तेवढे तर कुणालाच भेटत नाही. मग हे अठ्ठावीस कुणाचे?"

मुलाने उत्तर द्यायला तोंड उघडले, मिटले, आणि पाठ थांबवून कागद पुढे ओढला.