चिठ्ठीवरची शांतता

शहागंजच्या चमनपाशी संध्याकाळी उभे राहिले की एखाद्या पोराकडे बोट दाखवून कुणीतरी म्हणते, 'बटन खाऊन आलाय.' बटन म्हणजे नशेसाठी चोरून विकली जाणारी गोळी. बहुधा नायट्राझेपामची, म्हणजे मुळात झोपेची. मालेगावात अल्प्राझोलमच्या गोळीला 'कुत्ता गोळी' म्हणतात. अशा पोराबद्दल मोहल्ल्याचा निकाल तयार असतो: नशेडी, खानदानाला बट्टा लावणारा. पण त्याच गल्लीत एखाद्या घरी, उशाशी, तसबीहच्या शेजारी तेच अल्प्राझोलम ठेवलेले असते. ते डॉक्टरांनी लिहून दिलेले असते, म्हणून त्याला आपण दवा म्हणतो.

आम्हाला प्रश्न पडतो तो इथे. एकाच जातीच्या दोन गोळ्यांपैकी एक गुन्हा आणि दुसरी इलाज, हे ठरवते कोण? नियत, असे उत्तर मिळेल, आणि ते खोटे नाही. पण शरीर नियत पाहत नाही. या गोळ्या मेंदूतील 'गाबा' नावाच्या रसायनाचा शांत करणारा परिणाम वाढवतात. महिनोन्महिने बाहेरून ही मदत मिळत राहिली की मेंदूला तिची सवय होते. मग गोळी चुकली की छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते. माणसाला वाटते, आजार उलटला. तो पुन्हा गोळी घेतो. कित्येकदा तो जुना आजार नसतोच, गोळी सुटल्याचा त्रास असतो.

हे ज्ञान कालपरवाचे नाही. व्हॅलियम १९६३ मध्ये बाजारात आले. या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत, असे ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना १९८८ मध्येच सांगितले होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यांच्यावरील इशारा आणखी कडक केला. आपल्याकडे २०१४ पासून अल्प्राझोलम 'एच-१' यादीत आहे. दुकानदाराने वेगळ्या वहीत डॉक्टरांचे आणि रुग्णाचे नाव लिहायचे, वही तीन वर्षे जपायची, असा नियम आहे. पाकिटावर लाल चौकटीत सूचनाही असते. ती इंग्रजीत. जिला फक्त उर्दू वाचता येते त्या नानीला ती कोण वाचून दाखवणार? आमच्या वर्गातल्या मुली घरी बँकेचे कागद वाचून दाखवतात, विजेचे बिल वाचून दाखवतात. गोळ्यांचे पाकीट मात्र कुणी वाचायला सांगत नाही.

आमच्या ओळखीच्या एक खाला आहेत. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांचे शौहर गेले. झोप येईना, म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या वेळी ते योग्यच होते, असे आम्ही मानतो. चाळीस रात्री जागलेल्या बाईला सब्रचे धडे देणे ही क्रूरता आहे. पण ते पंधरा दिवस चार वर्षांहून लांबले. एकीच्या दोन गोळ्या झाल्या. चिठ्ठी तीच, घड्यांवर फाटलेली. आम्ही विषय काढला तर खाला म्हणाल्या, 'बीपीची रोज घेतेच ना बेटा, मग हिचंच काय वाईट?'

सवाल बिनतोड वाटतो. रोज दवा घेणे म्हणजे गुलामी नव्हे. इन्सुलिनवर जगणाऱ्याला कुणी व्यसनी म्हणत नाही. मनाच्या आजारांची कित्येक औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात, त्यांना या एका गोळीच्या रांगेत बसवणे अन्यायाचे होईल. पण बीपीची गोळी रोजची आहे हे डॉक्टरांनी ठरवले होते. ही दुसरी पंधरा दिवसांची म्हणून घरात आली आणि कुणीही न ठरवता राहून गेली. आमच्या मते खोट आहे ती इथे, घेणाऱ्याच्या ईमानात नाही.

आणि ती का राहिली? डॉक्टरांच्या दारात गर्दी होती, दुकानदार ओळखीचा होता, हे तर आहेच. पण घराचेही काही देणे लागते. गोळी घेतलेली अम्मी रात्री रडत नाही, मयताच्या गोष्टी काढत नाही, कुणाला जागवत नाही. शांत अम्मी घराच्या सोयीची असते. ती शांतता नक्की कुणासाठी विकत घेतली जाते, हे घरातल्या माणसांनी एकदा स्वतःला विचारायला हवे.

आपल्यात याच्या उलटही घडते. कुणी दीनदार नातेवाईक येतो, 'नमाज पढा, हे सारे वसवसे आहेत' म्हणतो आणि पाकीट कचऱ्यात टाकतो. वर्षानुवर्षांची गोळी अशी एकाएकी तोडली तर झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकते. उंट बांधून मग तवक्कुल करावे, हे आपण मुलांना शिकवतो; इथे तर बांधलेला उंटच सोडून देण्याचा प्रकार.

खालांच्या सुनेने अखेर त्यांना मनोविकारतज्ज्ञाकडे नेले. त्यांनी गोळी बंद केली नाही. कागदावर तारखा घालून दिल्या: अमुक तारखेपासून पाव गोळी कमी, त्रास झाला तर तिथेच थांबायचे, घाई नाही, कित्येक महिने लागतील. मग त्यांनी विचारले, रात्री नेमके काय होते? खाला अर्धा तास बोलल्या, दवाखान्याच्या त्या शेवटच्या रात्रीबद्दल, बंद दरवाज्याबद्दल, न बघता आलेल्या चेहऱ्याबद्दल. मुलगा शेजारच्या खुर्चीवर होता. यातले त्याने काहीच पूर्वी ऐकलेले नव्हते.