इनामगाव कधी उठलं?

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावची पांढरीची टेकाडं आहेत. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथं हंगामामागून हंगाम उत्खनन केलं आणि ताम्रपाषाणयुगातलं एक खेडं उजेडात आणलं. शंभराहून जास्त घरांचे अवशेष निघाले, चुली निघाल्या, जळकं धान्य निघालं. घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांमध्ये पुरलेली लहान मुलं सापडली. या गावाचा काळ पुस्तकांतून साधारण असा दिलेला असतो: इ.स.पू. १६००च्या सुमारास वस्ती झाली, १४००पासून जोर्वे संस्कृती नांदली, १०००नंतर तिला उतरती कळा लागली आणि ७००च्या सुमारास गाव उठलं.

या चार आकड्यांतला शेवटचा मला सर्वांत मोलाचा वाटतो. जोर्वे लोकांची वस्ती संपते तिथून मौर्य-सातवाहनांच्या काळापर्यंत पश्चिम महाराष्ट्राच्या इतिहासात मोठी पोकळी आहे. नेवाशासारख्या ठिकाणी खालचे ताम्रपाषाणयुगीन थर आणि वरचे ऐतिहासिक थर एकाच टेकाडात आहेत, पण त्यांचा सांधा जुळत नाही. ती पोकळी केवढी, हे ‘७००’ या आकड्यावर ठरतं. म्हणून हा आकडा कशावर उभा आहे, ते सावकाश पाहू.

तो मुख्यतः कोळशावर उभा आहे. वातावरणात उंचावर विश्वकिरणांमुळे नायट्रोजनपासून कार्बन-१४ तयार होत राहतो. झाडं तो हवेतून घेतात, जनावरं आणि माणसं अन्नातून. जीव आहे तोवर देवाणघेवाण चालू राहते. ती थांबली की आत असलेला कार्बन-१४ ठरलेल्या गतीने घटत जातो आणि ५७३० वर्षांनी निम्मा उरतो. विलार्ड लिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोत १९४०च्या दशकाअखेरीस हे मोजून दाखवलं. लिबींना १९६०चं नोबेल मिळालं. १९६०च्याच दशकात मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये अशी प्रयोगशाळा चालू झाली. पुढे हे काम अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेलं. उत्खननांच्या अहवालांत ‘टीएफ’ आणि ‘पीआरएल’ ही अक्षरं लागलेले नमुने दिसतात, ते या दोन ठिकाणचे. हरप्पा आणि बुद्ध यांच्यामध्ये कुठेतरी तरंगत असलेल्या दख्खनच्या ताम्रपाषाणयुगाला पक्की जमीन मिळाली ती अशा मोजण्यांमुळे.

आता या मोजणीतून नेमकं काय कळतं? अमुक एका पेशीत नवा कार्बन येणं कधी थांबलं, एवढंच. माणसं त्या घरात कधी राहिली, घर कधी जळलं, गाव कधी उठलं, यांतलं काहीही यंत्राला ठाऊक नसतं. कोळशाच्या तारखेपासून माणसाच्या कृतीपर्यंतचं अंतर उत्खनन करणाऱ्यालाच तोडावं लागतं. माझ्या मते पुरातत्त्वातली खरी कसोटी तिथे लागते. प्रयोगशाळेतून आलेला कागद हातात पडला की काम संपलं असं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच ते सुरू झालेलं असतं.

इनामगावच्या घरांना कुडाच्या भिंती होत्या आणि आधाराला लाकडी खांब. असा एखादा जळका खांब मिळाला, तर त्याच्या कोणत्या भागाचा नमुना घेतला यावर उत्तर बदलतं. झाडात दरवर्षी बाहेरच्या बाजूने एक वलय वाढतं आणि आतल्या जुन्या वलयांची देवाणघेवाण झाड उभं असतानाच थांबलेली असते. दीडशे वर्षं वाढलेल्या झाडाचा गाभा तोडणीच्या दिवशीच दीडशे वर्षांचा जुना असतो. त्यात चांगलं लाकूड कोणी टाकून देत नाही. आपल्याकडे वाडा पाडला की त्याच्या सागवानी तुळया आणि खांब दुसऱ्या घराला लागतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यानेही तेच केलं असणार. म्हणजे खांबाची तारीख घराच्या तारखेच्या मागे जाऊ शकते, पुढे येऊ शकत नाही. चूक दोन्ही बाजूंना सारखी होत असती तर अनेक नमुन्यांच्या सरासरीत ती विरून गेली असती. ही चूक एकाच दिशेची आहे, म्हणून नमुने वाढवून ती जात नाही.

त्यापेक्षा जव आणि कुळथाचा जळका दाणा केव्हाही बरा. दाणा एका हंगामात भरतो आणि बहुधा वर्षा-दोन वर्षांत खाल्ला किंवा पेरला जातो. पण जुन्या पद्धतीत, जिथे प्रत्यक्ष विघटनं मोजत बसावं लागे, तिथे काही ग्रॅम कार्बन लागायचा. एक-दोन दाण्यांनी भागत नसे, म्हणून कोळशाची ढेकळं घेतली जात. १९७७नंतर कार्बन-१४चे अणूच वेगळे काढून मोजणारी, त्वरकाची पद्धत आली आणि एक मिलिग्रॅम कार्बन पुरू लागला. आता दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये अशी सोय आहे. इनामगावचं खोदकाम या दोन काळांच्या उंबरठ्यावर झालं, हे त्या तारखा वाचताना ध्यानात ठेवायला हवं.

मोजणीचीही मर्यादा असते. तीन हजार वर्षांत मूळ कार्बन-१४पैकी सुमारे ७० टक्के शिल्लक राहतो. तो मोजताना एका टक्क्याची चूक झाली तरी वयात ८० वर्षांचा फरक पडतो. म्हणून प्रत्येक तारखेपुढे अधिक-उणे लावलेलं असतं; त्या काळी १०० वर्षांच्या आसपासचा आकडा सर्रास दिसे. त्याचा अर्थ खरं वय त्या पट्ट्यात असण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश. तीनांतली एक तारीख पट्ट्याबाहेर पडणार, हे गृहीतच आहे. पुस्तकातली कालरेषा काढताना मात्र हे अधिक-उणे हमखास गळून पडतं.

इथपर्यंतच्या अडचणी कोणत्याही स्थळाच्या आहेत. इनामगावच्या शेवटाची अडचण खास त्या शतकांची आहे, आणि ती मला सगळ्यात विलक्षण वाटते.

हवेतला कार्बन-१४ नेहमी सारखा नसतो. सूर्य शांत असला की पृथ्वीवर विश्वकिरण जास्त पोचतात आणि त्याचं उत्पादन वाढतं. म्हणून मोजलेलं वय वर्षवलयांची मोजदाद झालेल्या लाकडांशी ताडून दुरुस्त करावं लागतं. या दुरुस्तीला कॅलिब्रेशन म्हणतात. ३००० वर्षं असं मोजलेलं वय, १९५०पासून मागे मोजलं तर, इ.स.पू. १०५० येतं, दुरुस्तीनंतर ते १२००च्याही मागे जातं. दुरुस्तीचा आलेख बहुतेक ठिकाणी कमी-अधिक उतरता आहे. पण इ.स.पू. ८००च्या सुमारास तो एकदम कोसळतो आणि तिथून ४००पर्यंत जवळजवळ सपाट चालतो. नवव्या-आठव्या शतकात सूर्य मंदावला होता, तेव्हा हवेत कार्बन-१४ वाढला. त्यानंतर तो ओसरत गेला, आणि योगायोग असा की जवळपास विघटनाच्याच गतीने ओसरला. इ.स.पू. ७००चा दाणा जास्त कार्बन-१४ घेऊन निघाला आणि जास्त काळ घटत राहिला. ४५०चा दाणा कमी घेऊन निघाला आणि कमी काळ घटला. आज दोघांत जवळपास तेवढाच उरला आहे. म्हणून प्रयोगशाळेने २४५० अधिक-उणे ३० असं उत्तम, नेटकं उत्तर दिलं, तरी दुरुस्तीनंतर त्याचा अर्थ निघतो इ.स.पू. ७५० ते ४१०च्या दरम्यान कधीही.

इनामगाव उठलं म्हणतात ते या सपाटीच्या तोंडाशी. विदर्भात लोखंड वापरणारे, शिळावर्तुळांत मृतांना पुरणारे लोक नांदत होते तो काळही पुष्कळसा याच सपाटीत येतो. तिथल्या नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली आहे. घोडकाठच्या शेवटच्या पिढीने लोखंड पाहिलं होतं का, हा प्रश्न एकेकट्या कार्बन-तारखेने सुटणार नाही, यंत्र कितीही सूक्ष्म केलं तरी.

तो सुटला तर मातीच्या थरांमुळे सुटेल. वरची जमीन खालच्या जमिनीनंतर सारवली गेली, कुंभ पुरण्याचा खड्डा अमुक जमीन फोडून खणला गेला, हा क्रम कार्बनवर अवलंबून नाही. एकाच घराच्या एकावर एक आलेल्या पाच-सहा जमिनींवरून एकेक दाणा घेतला, सगळ्यांच्या तारखा काढल्या आणि त्यांना थरांच्या क्रमाची अट घातली, तर खालचे दाणे त्या कोसळत्या उतारावर पक्के बसतात आणि वरच्यांना त्यांच्या मागे सरकायची मोकळीक उरत नाही. हे गणित आता संगणकावर होतं, पण त्याला लागणारा क्रम खड्ड्यात उभं राहून, थर रंगावरून आणि पोतावरून ओळखून, त्याच दिवशी वहीत उतरवलेला असावा लागतो. दाणे तर माती पाण्यात धुऊन, तरंगतील ते चाळणीत धरूनच मिळतात. जोर्वे वस्तीचे शेवटचे थर टेकाडाच्या सर्वांत वर आहेत, आणि नांगराखाली सर्वांत आधी तेच जातात.