पंडितांच्या शब्दाला किती मान द्यावा?

माझ्या मंडळींतील एका बाईचें तान्हें मूल बाप्तिस्मा होण्यापूर्वींच वारलें. मूठमाती दिल्यावर तिनें विचारलें, "पाळकसाहेब, माझें लेकरूं आतां कोठें आहे?" सेमिनरीच्या वहींतील उत्तर मीं सांगितलें. तें नेमकें होतें, आणि कठोरही. ती गप्प राहिली. परंतु माझें मन गप्प राहिलें नाहीं. तें उत्तर माझ्या गुरूंचें होतें. तें देवाचेंही होतें काय?

हाच प्रश्न रोमन कॅथोलिक मंडळीपुढें शेंकडों वर्षें होता. मध्ययुगांत युरोपच्या विद्यापीठांत तर्कशास्त्राच्या साह्यानें धर्मसिद्धांतांची मांडणी करणारे जे पंडित झाले, त्यांस स्कोलास्टिक म्हणतात. त्यांचा मुकुटमणि थॉमस अक्वायनस. हा १२७४ सालीं मरण पावला. बाप्तिस्म्यावांचून मेलेल्या बालकांस यातना नाहींत, परंतु देवदर्शनाचें सुखही नाहीं, असें त्यानें शिकविलें. या स्थितीस लिंबो म्हणत. पुढें हें मत सर्वत्र शिकविलें जाऊं लागलें, आणि पिढ्यान्‌पिढ्या मातांस तेंच ऐकावें लागलें.

आतां न्यायानें बोलूं. कॅथोलिक लोक अशा पंडितांचें मत देववचनासमान मानतात, असें आपल्यांतील कित्येकांस वाटतें. तें खरें नाहीं. मेल्कोर कानो या स्पॅनिश पंडिताच्या १५६३ सालीं छापलेल्या ग्रंथांत धर्मप्रमाणाचीं दहा स्थानें सांगितलीं आहेत. त्यांत पहिलें पवित्र शास्त्राचें, आणि स्कोलास्टिक पंडितांचें सातवें. खुद्द थॉमसनेंही म्हटलें आहे कीं, शास्त्राचें प्रमाण निश्चित, परंतु मंडळीच्या गुरूंचें केवळ संभाव्य. पोप तेरावा लिओ यानें १८७९ सालीं थॉमसच्या तत्त्वज्ञानाचा पुरस्कार केला. तरी लिंबो हा श्रद्धेचा सिद्धांत कधींच ठरला नाहीं. शेवटीं २००७ सालीं रोमच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगानें पोपच्या संमतीनें असें प्रसिद्ध केलें कीं, अशा बालकांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ कारणें आहेत. मात्र ती आशा होय, निश्चित ज्ञान नव्हे.

मग चूक कोठें झाली? सातव्या स्थानावरील शब्द पहिल्या स्थानाच्या आवाजांत बोलला गेला, येथें. गुरूनें "संभाव्य" म्हटलें, शिष्यांनीं "निश्चित" ऐकिलें.

परंतु आपण हंसूं नये. आपल्यांतही लूथर आहे, कॅल्विन आहे, सेमिनरीची वही आहे. आणि "साहेबांनीं असें सांगितलें," एवढें म्हटलें कीं वाद मिटतो. बिरुया येथील लोकांनीं पौलाचें बोलणेंही शास्त्राशीं ताडून पाहिलें, आणि त्याबद्दल त्यांची स्तुतीच झाली. पंडितांस टाकून द्यावें, असें मी म्हणत नाहीं. जो कोणाचाही शिष्य नाहीं, तो बहुधा आपल्याच मताचा दास असतो. गुरूचा हात धरून चालावें, पण तो हात म्हणजेच वाट, असें समजूं नये.

कांहीं दिवसांनीं मी त्या बाईकडे पुन्हा गेलों. म्हटलें, "बाई, त्या दिवशीं जें सांगितलें, तें माझ्या गुरूंचें मत होतें. मला खात्रीनें ठाऊक आहे तें इतकेंच, कीं ज्या प्रभूनें बालकांस कवटाळलें, त्याच्याच हातीं तुमचें लेकरूं आहे."

पदरानें डोळे पुसून ती म्हणाली, "हें तेव्हांच सांगावयाचें होतें, पाळकसाहेब."