परिचित वास्तू, अपरिचित कोन

ज्या वास्तूचे छायाचित्र हजारो वेळा घेतले गेले आहे तिचे आणखी एक छायाचित्र घेण्याचे समर्थन कशाच्या आधारे करता येते? या प्रश्नाला सहसा 'नवेपणा' असे उत्तर दिले जाते आणि मग चर्चा कोन, प्रकाश, भिंग आणि प्रहर यांच्याकडे वळते. ती चर्चा निरर्थक आहे असे नाही. परंतु नवेपणाच्या मागणीमागे कुणाच्या तरी जुन्या पाहण्याविषयीचा एक निवाडा दडलेला असतो, आणि तो सौंदर्यशास्त्रीय असण्याइतकाच नैतिकही असतो, याकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते.

या निवाड्याचे तात्त्विक रूप व्हिक्टर श्क्लोव्हस्की यांच्या 1917 मधील निबंधात सापडते. खोलीतील धूळ पुसताना आपण विशिष्ट जागा पुसली की नाही हे आठवत नाही, अशी तॉलस्तॉय यांच्या दैनंदिनीतील एक नोंद श्क्लोव्हस्की उदाहरणादाखल घेतात. जे नकळत घडले ते जणू घडलेच नाही. सवय वस्तूंना, घराला, माणसांना आणि भयालाही गिळून टाकते. म्हणून कलेने वस्तू अनोळखी करून दाखवावी, अशी ही मांडणी आहे. मराठी समीक्षेत 'अपरिचितीकरण' ही संज्ञा आता इतकी रुळली आहे की ती स्वतःच सवयीचा विषय झाली आहे, हा त्यातला विनोद.

हा विचार कॅमेऱ्याच्या भाषेत सर्वांत आग्रहाने मांडला तो अलेक्सांद्र रॉदचेन्को यांनी. 1928 मध्ये 'नोव्ही लेफ' या नियतकालिकात लिहिताना त्यांनी बेंबीच्या पातळीवरून घेतलेल्या छायाचित्रांवर हल्ला चढवला. माणसाच्या उंचीवरून, समोरून, ठरावीक अंतरावरून पाहण्याची रीत ही चित्रकलेकडून आलेली जुनी शिस्त आहे. ती मोडायची तर वरून खाली आणि खालून वर पाहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांनी दिलेला दाखला आयफेल टॉवरचा आहे. 1925 मध्ये पॅरिसला गेले असता दुरून दिसणारा हा मनोरा त्यांना मुळीच आवडला नव्हता. पुढे एकदा बसमधून जवळून जाताना खिडकीतून वर चढत, निमुळत्या होत जाणाऱ्या लोखंडी रेषा त्यांना दिसल्या आणि त्या बांधणीचा प्रचंडपणा प्रथमच जाणवला. मॉस्कोतील स्वतःच्या घराचे सज्जे आणि शुखोव्ह यांचा नभोवाणी मनोरा यांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे याच जाणिवेतून आलेली आहेत. त्यामागील प्रेरणा केवळ शैलीची नव्हती. नव्या समाजातील माणसाने जुन्या डोळ्यांनी पाहू नये, ही एक नैतिक अपेक्षाच होती. त्याच वादात सर्गेई त्रेत्याकोव्ह यांनी 'काय' आणि 'कसे' यांच्या जोडीला 'कशासाठी' हा प्रश्नही विचारला होता. तो बाजूला पडला.

येथे श्क्लोव्हस्की आणि रॉदचेन्को या दोघांच्याही भूमिकेतील एक गृहीतक तपासून पाहावे लागते. सवय म्हणजे जाणिवेचा मृत्यू, हे दोघेही धरून चालतात. मुंबईच्या बोरीबंदरच्या स्थानकातून रोज सकाळी उतरणारा माणूस घुमटाकडे मान वर करून पाहत नाही, हे खरे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेली, 1878 मध्ये काम सुरू होऊन दशकभराने पुरी झालेली, 2004 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेली ही वास्तू त्याच्या लेखी 'वास्तू' नसतेच. पण तो ती पाहत नाही म्हणजे ती जाणत नाही, असा निष्कर्ष काढता येईल काय? कोणत्या डब्यातून उतरले की बाहेर पडण्याचा दरवाजा समोर येतो, पावसात कोणत्या कमानीखाली थांबता येते, हे त्याच्या पायांना माहीत असते. हे ज्ञान दृश्य स्वरूपाचे नाही, एवढाच त्याचा दोष. वास्तूशी असलेला सर्वांत दाट संबंध पुष्कळदा याच न पाहण्यात असतो. पर्यटक तिला पाहतो, कारण त्याला तिचे काही काम नसते. तेव्हा 'तुम्ही रोज जे पाहता ते तुम्हाला दिसतच नाही' हे छायाचित्रकाराचे विधान अर्धे खरे आणि अर्धे उर्मट आहे.

छायाचित्रणाच्या आरंभीच या प्रश्नाचे एक विलक्षण रूप दिसते. दागेर यांनी 1838 मध्ये खिडकीतून घेतलेल्या पॅरिसमधील एका हमरस्त्याच्या छायाचित्रात रस्ता जवळजवळ निर्मनुष्य आहे. प्रकाशनाचा काळ काही मिनिटांचा असल्याने चालणारी माणसे आणि गाड्या पट्टीवर उमटल्याच नाहीत. उमटला तो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला माणूस. पॉलिश करणाऱ्याची आकृती मात्र पुसट राहिली. हा अर्थातच तंत्राचा परिणाम होता, त्यामागे हेतू नव्हता. तरीही कोण थांबू शकतो आणि कुणाचे हात हलतच राहावे लागतात, हा भेद त्या पट्टीने नोंदवून ठेवला आहे. रघु राय यांनी 1995 मध्ये चर्चगेट स्थानकात घेतलेल्या छायाचित्रात हीच मर्यादा साधन होते. झडप सावकाश मिटल्यामुळे गर्दी धुरासारखी वाहते आणि तिच्यामध्ये वर्तमानपत्र वाचत बसलेली माणसे तेवढी स्थिर दिसतात. येथे कोन चमत्कारिक नाही. स्थानक ज्या वेळाचे बनलेले असते तो वेळ चित्रात उतरला आहे, आणि फलाटावर उभ्या राहिलेल्या कुणालाही त्याची ओळख पटावी. या नवेपणाने सवयीला खोटे ठरवलेले नाही. तिच्या आत असलेले काही बाहेर आणले आहे.

याउलट कोनाचे नवेपण स्वयंपूर्ण झाले की काय होते, याचे उत्तर दुर्दैवाने रॉदचेन्को यांच्याच पुढील कामात मिळते. स्थळ शहराबाहेरचे आहे, पण दृष्टी तीच आहे. श्वेतसागर आणि बाल्टिक समुद्र यांना जोडणारा 227 किलोमीटरांचा कालवा 1931 ते 1933 या काळात कैद्यांकडून, बव्हंशी हातांनी, खणून घेण्यात आला. अधिकृत नोंदींनुसारच मृतांची संख्या बारा हजारांच्या घरात आहे. 'यूएसएसआर इन कन्स्ट्रक्शन' या सचित्र नियतकालिकाच्या डिसेंबर 1933 च्या अंकासाठी रॉदचेन्को यांनी त्याची छायाचित्रे घेतली आणि अंकाची मांडणीही केली. तिरप्या रेषा, उंचावरून टिपलेले जथे, भव्य भिंती हे सारे त्यात आहे. एका छायाचित्रात काम चालू असताना वाद्यवृंद वाजतो आहे. मजूर येथे आकृतिबंधाचा घटक होतो. ज्या तंत्राने आयफेल टॉवर जागा केला त्याच तंत्राने माणसे निद्रिस्त केली. त्या काळातील दडपण विसरून एका कलावंताला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे. त्यातून फारसे काही निष्पन्न होत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. वस्तू अनोळखी करणारे तंत्र, ती कुणाच्या श्रमाने उभी आहे हे सांगण्यास आपणहून बांधलेले नसते. एखाद्या कारखान्याच्या छायाचित्रातून त्या कारखान्यातील मानवी संबंधांविषयी जवळपास काहीच कळत नाही, हा ब्रेख्त यांचा मुद्दा वाल्टर बेन्यामिन यांनी 1931 मध्ये उचलून धरला तो याच कारणासाठी.

तथापि यावरून कोनाचा शोध व्यर्थ ठरत नाही. बोरीबंदरच्या दर्शनी भागाकडे खालून, अगदी जवळून पाहिले तर घुमटाचा दरारा ओसरतो आणि दगडात कोरलेली पाने, पक्षी, प्राणी समोर येतात. हे कोरीव काम सर ज. जी. कला विद्यालयातील विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. साम्राज्याच्या स्मारकात मुंबईच्या कारागिरीचा वाटा केवढा, हे समोरून घेतलेल्या कोणत्याही भव्य छायाचित्रात दिसत नाही. येथे कोन बदलल्याने वास्तूचा इतिहास बदलतो. म्हणजे 'नवा कोन' या शब्दप्रयोगातील वजन 'कोना'वर नसून, त्या कोनातून कुणाशी संबंध जुळतो यावर आहे.

या संदर्भात एका कवीची आठवण होणे स्वाभाविक आहे. मुंबईत काळा घोडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चौकातील सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा 1965 मध्ये हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला. घोडा गेला, नाव राहिले. व्यवसायाने दृश्यसंवादाशी निगडित असलेले अरुण कोलटकर तेथील वेसाइड इनमध्ये वर्षानुवर्षे येऊन बसत. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'काळा घोडा पोएम्स' या इंग्रजी संग्रहात रहदारीच्या बेटावर पहुडलेला कुत्रा आहे, झाडूवाली आहे, इडलीसाठी जमणारी माणसे आहेत, जेवणाच्या सुटीतला उंदरांच्या औषधाचा विक्रेता आहे. कोलटकरांनी पाहण्याची जागा फारशी बदलली नाही. बसण्याचा काळ तेवढा वाढवला. छायाचित्रकाराला एवढी सवड असेलच असे नाही, आणि दीर्घ बैठक मारली म्हणजे दृष्टी आपोआप न्याय्य होते असेही नाही. पण पुतळा नसलेल्या त्या चौकात स्थळाची खूण कोण होते, हे त्या कवितांमध्ये ठरून गेलेले आहे. 2017 मध्ये तेथे पुन्हा एक घोडा उभा राहिला. या वेळी त्याच्यावर स्वार नाही.