काट्यावरचे एकसष्ट किलो

पंचगंगेकाठच्या एका गावात दोन भाऊ राहत होते. थोरला कोल्हापुरात बँकेत कॅशिअर, धाकटा घरचा ऊस बघणारा. धाकटा तरुणपणी तालमीत घुमलेला. पुढे आखाडा सुटला, खुराक सुटला नाही. त्याचं वजन ९६ किलो, थोरल्याचं ६१.

या एकसष्टाचा थोरल्याला भारी अभिमान. स्टँडवर रंगीत दिव्यांचं वजनयंत्र होतं. नाणं टाकलं की खटकन तिकीट बाहेर यायचं. वर्षानुवर्षांची ती तिकिटं त्याने रबरबँड लावून जपली होती. शेवटी कॅशिअरच तो! धाकट्याच्या ताटात जास्तीची भाकरी पडली की थोरला म्हणायचा, “जरा काट्याकडं बघ रं. बायकोपोरांचा विचार कर.” धाकटा मान खाली घालून जेवायचा. उलट बोलायची पद्धत त्या घरात नव्हती.

थोरल्याच्या स्वतःच्या खाण्याचा हिशेब मात्र कुणी मागत नव्हतं. दुपारी चहाबरोबर वडा, ड्रॉवरमध्ये फरसाणाची पिशवी, दिवसभर खुर्ची आणि कोपऱ्यावरच्या पानपट्टीलाही स्कूटर. वडील पन्नाशीतच हार्टने गेलेले, पण ते म्हणे तंबाखू खायचे. पोट थोडं सुटलं होतं, पण शर्ट बाहेर सोडला की दिसत नसे. पॅन्टचं माप लग्नात होतं तेच, बत्तीस. फक्त ती पॅन्ट दरवर्षी बोटभर खाली सरकत पोटाच्या खाली येऊन बसली होती. हे घरात फक्त वहिनींना माहीत, आणि त्या बोलत नव्हत्या.

चैत्रात दोघे जोतिबाला गेले. पायऱ्या चढताना निम्म्यात थोरला थांबला. छातीवर दाब आल्यासारखं झालं, डावा जबडा दुखू लागला, कपाळावर घाम आला. बसल्यावर पाचेक मिनिटांत सगळं निवळलं. “पित्त झालंय,” म्हणत त्याने सोडा मागवला. पुन्हा चढायला लागला तर पुन्हा तेच. तेव्हा धाकट्याने आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या भावाचं ऐकलं नाही. हाताला धरून खाली आणलं, गाडीत घातलं आणि थेट दवाखाना गाठला.

ईसीजी, रक्त, मग सीटी अँजिओग्राफी झाली. साखर वाढलेली निघाली, ती केव्हापासून याचा पत्ता नाही. हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणाऱ्या मोठ्या धमनीत अडथळा होता. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. “हा हृदयाचा स्नायू. त्याच्याभोवती हा काळपट पट्टा दिसतोय ना, ती चरबी. तुमच्यात ती बरीच जास्त आहे.”

“चरबी? माझ्यात?” थोरल्याने धाकट्याकडे बघितलं. नजरेत स्पष्ट होतं, की चित्रं बदलली असणार.

डॉक्टर समजुतीने बोलले. हृदयावर थोडी चरबी प्रत्येकाच्या असते आणि ती लागतेही. स्नायूला इंधन पुरवते, धमन्यांना धक्क्यांपासून सांभाळते. ती फार वाढली की तिचा स्वभाव पालटतो. सूज वाढवणारी द्रव्यं ती सोडू लागते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या याच चरबीत रुतलेल्या असतात, आणि दोघींच्या मध्ये पडदा नसतो.

“म्हणजे बांधच न्हाई,” धाकटा पटकन म्हणाला. “वरच्या वावरात मारलेलं औषध खालच्या पिकात उतरणारच की.”

“बरोबर. काहींच्या धमनीचा एखादा तुकडा स्नायूच्या आतून जातो. तिथे ही चरबी टेकलेली नसते, आणि तेवढा तुकडा बहुधा स्वच्छ सापडतो. त्याला दुसरीही कारणं असतील. शिवाय सगळा दोष चरबीच्या माथी मारू नका. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू, घराण्याचा वारसा हे सगळे यात आहेत. पण जिथे ही चरबी जास्त, तिथे धमन्यांचा आजार जास्त, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलंय.”

“पण माझं वजन...”

डॉक्टरांनी त्याला एक गोष्ट सांगितली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. उंचीच्या मानाने वजन काढलं तर दोघांचा आकडा एकच, २२.३. अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय अंगात चरबी किती लपते, हे त्या दोन आकड्यांनी दाखवलं. “काटा एकूण वजन सांगतो,” डॉक्टर म्हणाले. “त्यात स्नायू किती, चरबी किती आणि ती कुठे साठलीय, हे त्याला कळत नाही.”

धाकटा इतका वेळ गालात हसत होता. डॉक्टर त्याच्याकडे वळले. “आणि पैलवान, तुम्ही का हसताय? ९६ किलो म्हणजे दागिना नव्हे. बसा, रक्तदाब बघतो.” तो १५० वर ९६ निघाला. भावाला घेऊन आलेला माणूस स्वतःच्या नावाचा केसपेपर घेऊन घरी गेला.

थोरल्याला स्टेंट बसला, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दोघे पहाटे उसाच्या कडेने चालू लागले. चालण्याने आणि बेताच्या खाण्याने हृदयावरची ही चरबी कमी होऊ शकते, एवढं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ड्रॉवरमधली फरसाणाची पिशवी वहिनींनी बँकेच्या शिपायाच्या हाती परत मागवली.

काट्याला कळत नाही म्हणून कमरेचं माप घ्यायचं, पण ते पॅन्टचं नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर टेप धरायचा, पोट आत न ओढता. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० ही धोक्याची रेघ मानतात. थोरला त्या दिवशी दवाखान्यात ९७ भरला होता. आणि पायऱ्या चढताना छाती दाटून आली, थांबल्यावर निवळली, तर सोडा मागवू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. थांबूनही निवळत नसेल, तर घरी वाट न बघता १०८ ला फोन करा.